वेदीपुढे गिटार

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

२७ सप्टेंबर १९९७, शनिवारची संध्याकाळ. इटलीतले बोलोन्या शहर. तिथल्या कॅथलिक पंथीयांचे राष्ट्रीय अधिवेशन त्या आठवड्यात या शहरात भरले होते आणि समारोपाच्या आदल्या संध्याकाळी मोकळ्या मैदानावर सुमारे तीन लाख तरुण जमले होते. मंचावर उंच आसनावर पोप दुसरे जॉन पॉल बसलेले. वय ७७, हाताला कंप, मान खाली झुकलेली. आणि खाली गिटार घेऊन उभा होता अमेरिकन गायक बॉब डिलन, डोक्यावर काउबॉयची हॅट. त्याने दोन गाणी म्हटली. मग हॅट काढून हातात घेतली, पायऱ्या चढून वर गेला आणि पोपना भेटला. भेट झाली, भाषण झाले, आणि शेवटी त्याने आणखी एक गाणे म्हटले.

भाषणात पोपनी एक गंमत केली. ‘ब्लोइंग इन द विंड’ हे डिलनचे सगळ्यांत गाजलेले गाणे. त्या रात्री त्याने ते म्हटले नाही, पण पोपनी धागा त्याचाच उचलला. गाण्यातला वारा म्हणजे पवित्र आत्म्याचा श्वास आणि माणसाने चालायचा रस्ता एकच, तो म्हणजे ख्रिस्त, असा अर्थ त्यांनी तरुणांना उलगडून दाखवला. एखाद्या कीर्तनकाराने सिनेमातले गाणे घ्यावे आणि पूर्वरंग संपता संपता ते विठ्ठलापाशी नेऊन सोडावे, तसाच हा प्रकार. आपल्याकडच्या श्रोत्याला त्यात नवल वाटायचे कारण नाही. शिवाय हे पोप तरुणपणी पोलंडमध्ये नाटकांत काम केलेले. मंच काय असतो, प्रेक्षक काय असतो, हे त्यांना शिकवावे लागत नव्हते.

पण चर्चच्या वरच्या वर्तुळातल्या एका माणसाला हा सगळा बेत मुळीच पसंत नव्हता. त्यांचे नाव कार्डिनल जोसेफ रात्झिंगर. धर्मसिद्धांतांचे रक्षण करणाऱ्या व्हॅटिकनच्या खात्याचे ते प्रमुख होते आणि पुढे २००५ मध्ये सोळावे बेनेडिक्ट या नावाने पोप झाले. २००७ साली आपल्या पूर्वसूरींच्या आठवणी सांगताना त्यांनी बोलोन्याचा प्रसंग मुद्दाम नोंदवला. असल्या ‘प्रेषितां’ना पोपच्या व्यासपीठावर आणणे योग्य आहे का, याची आपल्याला तेव्हा शंका होती आणि एका परीने आजही आहे, असा त्या आठवणीचा सूर होता.

रात्झिंगर यांचे म्हणणे नीट समजून घेतले पाहिजे. ती म्हातारपणची कुरकुर नव्हती. ते स्वतः पियानो वाजवत, मोझार्ट त्यांचा जीव की प्राण. त्यांचे थोरले भाऊ गेओर्ग हेही धर्मगुरू. जर्मनीतल्या रेगेन्सबुर्गच्या कॅथीड्रलमध्ये लहान मुलांचा शेकडो वर्षांची परंपरा असलेला गायकवृंद आहे. १९६४ पासून १९९४ पर्यंत तीस वर्षे गेओर्ग त्याचे प्रमुख होते. हे नाव ध्यानात असू द्या, पुढे लागेल. उपासनेवर लिहिलेल्या आपल्या पुस्तकात जोसेफ रात्झिंगर यांनी पॉप आणि रॉक यांचा वेगवेगळा समाचार घेतला. पॉप हा त्यांच्या मते कारखान्यातून निघणारा माल, सामान्यपणाची पूजा. रॉकवरचा आक्षेप याहून खोल होता. गर्दी, ताल, आवाज आणि दिवे यांच्या कल्लोळात माणूस स्वतःला विसरतो, आणि ते विसरणेच एक उपासना होऊन बसते, ख्रिस्ती उपासनेच्या उलट तोंडाची. म्हणजे रॉकमध्ये धर्म नाही अशी त्यांची तक्रार नव्हती. रॉकमध्ये एक दुसराच धर्म आहे, अशी होती.

मला यातले निम्मे पटते आणि निम्मे पटत नाही. न पटणारे आधी सांगतो.

चर्चने बाजारातल्या चाली घेण्याची रीत काही गिटारीबरोबर आलेली नाही. पंधराव्या शतकात फ्रान्सच्या बाजूला एक लौकिक गाणे सगळ्यांच्या तोंडी होते. विषय काय, तर शस्त्रधारी माणसाचे भय. त्या चालीवर पुढच्या दोनेक शतकांत चाळीसहून अधिक मिस्सा रचल्या गेल्या. मिस्सा म्हणजे कॅथलिकांचा मुख्य उपासनाविधी. रचणारे कोणी ऐरेगैरे नव्हते, द्युफाय, जोस्कँ, पॅलेस्त्रिना यांच्यासारखे त्या काळचे थोर संगीतकार होते. त्याच काळात तक्रारीही होत होत्या. सोळाव्या शतकात ट्रेंट येथे भरलेल्या धर्मपरिषदेने १५६२ मध्ये बजावले की कामुक किंवा अशुद्ध असे काही मिसळलेले संगीत चर्चमधून हद्दपार करा. आणखी साडेतीनशे वर्षांनी दहाव्या पायस या पोपनी पुन्हा तेच सांगितले. १९०३ मधल्या त्यांच्या आज्ञापत्रात पियानो, ढोल, झांजा यांना चर्चमध्ये मनाई आहे. कारण इटलीतल्या चर्चमध्ये तेव्हा ऑपेराच्या धर्तीवर गाणी चालत आणि वेदीपुढे नाटकगृहाचा भास होई. म्हणजे आज ज्यांना गिटार खटकते त्यांच्या पणजोबांना पियानो खटकत होता. आपल्याकडे भजनी मंडळांत सिनेमाच्या चाली शिरल्या तेव्हाचे वाद ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना हे सगळे ओळखीचे वाटेल.

आणि उसनवारी नेहमी वाईटच ठरते असेही नाही. त्याचा आपल्या भाषेतला दाखला आहेच. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला. गोव्याच्या ख्रिस्ती लोकांना पुराणे ऐकायची सवय आहे, ती तुटल्यावर त्यांच्या हाती काहीच राहिलेले नाही, हे त्याच्या ध्यानात आले. त्याने ओवी घेतली. पण घेण्याआधी तो मराठी शिकला, आपले पुराणवाङ्मय त्याने पचवले, आणि मग १६१६ मध्ये सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण छापून आले. चर्चमध्ये ते वाचले जाई. गोव्यात आल्यापासून ग्रंथ छापून येईपर्यंत सदतीस वर्षे गेली होती. हा आकडा मला फार महत्त्वाचा वाटतो.

कारण १९६०च्या दशकात युरोपात जे झाले, ते सदतीस आठवड्यांत उरकण्याची घाई होती.

दुसरी व्हॅटिकन परिषद १९६२ ते १९६५ या काळात भरली. उपासनेसंबंधीचा तिचा दस्तऐवज ४ डिसेंबर १९६३ चा. तो वाचला तर त्यात गिटारीचे नावही सापडत नाही. उलट लॅटिनमधल्या प्राचीन ग्रेगोरियन गायनाला मानाचे स्थान द्यावे, ऑर्गनचा आदर राखावा, असेच लिहिले आहे. मिशनच्या प्रदेशांत तिथल्या लोकांच्या संगीतपरंपरेला वाव द्यावा, हेही त्यात आहे. मग गिटार आली कुठून? ती भाषेच्या दाराने आली. परिषदेने लोकभाषांना मुभा दिली, आणि थोड्याच वर्षांत लॅटिन जवळजवळ सगळीकडून मागे हटली. ते ग्रेगोरियन गायन तर लॅटिन शब्दांच्या अंगावर बेतलेले. शब्द गेले तशी शतकांची गाणी एकाएकी बिनकामाची झाली. पुढच्या रविवारी तर काहीतरी म्हणायलाच हवे होते. हाताशी काय होते? त्या दशकातली तरुणांची गाणी, चार सूर वाजवता येणारे पोरगे आणि त्याच्या गळ्यातली गिटार.

२७ एप्रिल १९६६ रोजी रोममध्ये ‘तरुणांची मिस्सा’ म्हणून एक कार्यक्रम झाला. तीन बीट बँड, इलेक्ट्रिक गिटारी, ड्रम. संगीतकार होता मार्चेल्लो जोंबीनी, जो काउबॉयपटांनाही संगीत देत असे. कार्यक्रमाची जागा होती संत फिलिप नेरी यांच्या ओरेटरीचे सभागृह. हे नेरी सोळाव्या शतकातले, तेही तरुण पोरांना जमवण्यासाठी लोकप्रिय चालींवरची भक्तिगीते गाऊन घेत. पाश्चात्त्य संगीतातल्या ‘ओरेटोरिओ’ या प्रकाराला नाव मिळाले ते इथूनच. तेव्हा जागेची निवड अगदीच अडाणीपणाची नव्हती. तरी त्या कार्यक्रमावर टीकेची झोड उठली.

आता भाविकांकडे वळू. त्यांचे काय झाले?

इंग्लंडचा प्रसिद्ध कादंबरीकार ईव्हलिन वॉ याने १९३० मध्ये कॅथलिक पंथ स्वीकारला होता. बाहेरचे जग कितीही बदलो, चर्चमध्ये गेलो की तेच शब्द, तेच सूर मिळतील, हा त्याचा मोठा आधार होता. परिषदेनंतरच्या बदलांनी तो इतका खचला की त्याची त्या काळातली पत्रे वाचवत नाहीत. १० एप्रिल १९६६ ला, ईस्टरच्या दिवशी, एका धर्मगुरू मित्राने म्हटलेली लॅटिन मिस्सा ऐकून तो घरी आला आणि त्याच दिवशी वारला.

१९७१ मध्ये इंग्लंडमधल्या पन्नासहून अधिक नामवंतांनी पोपकडे अर्ज केला की जुनी लॅटिन मिस्सा निदान अधूनमधून तरी म्हणू द्या. सह्या करणाऱ्यांत ग्रॅहॅम ग्रीनसारखे कॅथलिक होते, पण व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन होते आणि आपल्या वाचकांची लाडकी ॲगाथा ख्रिस्तीही होती. ती तर अँग्लिकन पंथाची. सहावे पॉल यांनी अर्ज मान्य केला. सह्यांची यादी चाळताना ते या बाईंच्या नावापाशी थबकले आणि मग मंजुरी दिली, अशी आख्यायिका आहे. म्हणून त्या सवलतीला आजही ‘ॲगाथा ख्रिस्ती सवलत’ म्हणतात. खून कोणी केला हे शोधणाऱ्या बाईंनी निदान एका मिस्सेला जीवदान दिले.

या सहाव्या पॉल यांच्याबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. बदल त्यांनीच लागू केले. पण नवी मिस्सा सुरू होण्याच्या चार दिवस आधी, २६ नोव्हेंबर १९६९ रोजी, त्यांनी जाहीर भाषणात कबूल केले की लॅटिनबरोबर ग्रेगोरियन गायनाचाही मोठा भाग आपण गमावणार आहोत आणि ही मोलाची वस्तू आहे. लोकांना उपासना समजावी म्हणून ही किंमत द्यायची, असे त्यांचे म्हणणे होते. त्या काळातल्या सगळ्या धर्मगुरूंच्या बोलण्यात मला हे भाषण सर्वांत प्रामाणिक वाटते. नवे आणताना जुन्याचा शोक करण्याइतके मोठे मन फार थोड्यांपाशी होते.

वसईकडच्या एका म्हाताऱ्या गायकाचे बोलणे या संदर्भात मला आठवते. तरुणपणी ते चर्चच्या गायकवृंदात होते, अंत्यविधीची अख्खी लॅटिन मिस्सा त्यांना तोंडपाठ. ते म्हणाले, “लॅटिन गेलं याचं मला दुःख नाही. मराठी माझीच भाषा, मला अर्थ कळायला लागला. पेटी-तबला आला, तोही आवडला. नंतर कीबोर्ड आला, बटण दाबलं की ताल सुरू. तेही असू दे. पण एकदाही कोणी येऊन विचारलं नाही, की बाबा, तुम्हाला काय येतं?” भाविकांच्या निराशेवर मोठमोठे ग्रंथ आहेत. त्या सगळ्यांत हे एक वाक्य मला सापडले नाही.

चर्चच्या आत झाले ते असे. पण धर्मसंस्था लौकिक गाण्याच्या बाजारात स्वतः उतरते तेव्हा काय होते? तिथे पहिली किंमत मोजली ती एका तरुण बेल्जियन सिस्टरने.

जानीन डेकर्स ही १९३३ ची, ब्रसेल्सकडची. १९५९ मध्ये ती वॉटर्लूजवळच्या डोमिनिकन मठात दाखल झाली. मठात तिला सिस्टर ल्यूक-गाब्रिएल हे नाव मिळाले. गिटारीवर साधी गाणी रचून म्हणायची. मठातल्या वडीलधाऱ्यांना ती आवडली, ध्वनिमुद्रण झाले. ‘डोमिनिक’ हे गाणे तिच्या पंथाच्या संस्थापक संतावर होते. बालगीतासारखी चाल. डिसेंबर १९६३ मध्ये हे फ्रेंच गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले आणि चार आठवडे तिथे राहिले. राष्ट्राध्यक्ष केनेडींची हत्या नुकतीच झालेली होती. बीटल्सना अमेरिकेत पहिला क्रमांक मिळायला फेब्रुवारी उजाडायचा होता. तिला दूरदर्शनवर दाखवण्यासाठी एड सुलिव्हान हा त्या देशातला सर्वांत नावाजलेला सूत्रधार खुद्द मठात आला. १९६६ मध्ये तिच्यावर हॉलिवूडने चित्रपट काढला.

मात्र तबकडीवर तिचे नाव नव्हते. ‘हसरी सिस्टर’ अशा अर्थाचे फ्रेंच टोपणनाव होते. तिने दारिद्र्याचे व्रत घेतलेले, त्यामुळे पैसा रेकॉर्ड कंपनीकडे आणि मठाकडे गेला. १९६६ मध्ये तिने मठ सोडला. बाहेर आल्यावर कळले की ते टोपणनावही तिला वापरता येणार नाही. मग दुसऱ्या नावाने गाऊ लागली. १९६७ मध्ये तिने संततिनियमनाच्या गोळीच्या कौतुकाचे गाणे केले. हसऱ्या सिस्टरवर प्रेम करणाऱ्या भाविकांना ते सहन होणे शक्यच नव्हते. नंतर बेल्जियमच्या कर खात्याने त्या जुन्या कमाईवरचा कर तिच्याकडे मागितला. पैसे आपल्याला मिळालेच नाहीत, हे तिचे म्हणणे. पण दाखवायला कागद नव्हते. १९८२ मध्ये, कर्ज फेडता येईल या आशेने, तिने त्याच ‘डोमिनिक’ची डिस्कोच्या ठेक्यावर नवी आवृत्ती काढली. कोणी घेतली नाही. २९ मार्च १९८५ रोजी तिने आणि तिच्याबरोबर राहणाऱ्या मैत्रिणीने आयुष्य संपवले.

यात दोष कोणाचा, हे ठरवायला मी बसलेलो नाही. पण व्रताचा कायदा एक, बाजाराचा कायदा दुसरा आणि सरकारी खात्याचा तिसरा, हे तिला आत सोडताना कोणी सांगितले होते का? तिच्या हाती गिटार होती तोवर ती चर्चच्या नव्या, हसऱ्या चेहऱ्याचे चित्र होती. चित्राला कोणी पगार देत नाही.

पन्नास वर्षांनी हीच गोष्ट थोड्या सौम्य रूपात पुन्हा घडली. १९ मार्च २०१४ ला इटलीच्या दूरदर्शनवर ‘द व्हॉइस’ या गाण्यांच्या स्पर्धेत काळा झगा आणि डोक्यावर ओढणी घेतलेली एक पंचविशीची सिस्टर उभी राहिली. क्रिस्तिना स्कुच्या, सिसिली बेटावरची, उर्सुलाइन संघातली. परीक्षक पाठमोरे बसलेले. गाणे सुरू झाल्यावर खुर्च्या फिरल्या आणि समोर सिस्टर पाहून त्यांची जी तोंडे झाली, ती जगभर पाहिली गेली. जूनमध्ये ती स्पर्धा जिंकली आणि तिथल्या तिथे मंचावर तिने ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही प्रार्थना म्हटली. व्हॅटिकनच्या संस्कृती खात्याचे प्रमुख कार्डिनल रावासी यांनी तिचे जाहीर कौतुक केले होते.

मग आला तिचा अल्बम. त्यातले पहिले गाणे प्रसिद्ध झाले ते मॅडोनाचे ‘लाइक अ व्हर्जिन’. सिस्टरने ते संथ लयीत, जवळजवळ प्रार्थनेसारखे म्हटले आहे आणि माझ्या कानांना ते वाईट वाटले नाही. पण इटलीतल्या बिशपांशी संबंधित वृत्तसंस्थेने हा धंद्याचा उतावळा डाव आहे अशी टीका केली. गंमत अशी की टीका झाली ती सिस्टरवर. हे गाणे निवडल्याने मथळे मिळतील, एवढा हिशेब मांडणारे लोक तिच्याभोवती होतेच की. डिसेंबरमध्ये तिने अल्बम पोप फ्रान्सिस यांच्या हाती दिला. पुढे ती नाचाच्या स्पर्धेतही दिसली. नोव्हेंबर २०२२ मध्ये ती पुन्हा दूरदर्शनवर आली, या वेळी झगा नव्हता. आपण संघ सोडला आहे आणि स्पेनमध्ये हॉटेलात वेट्रेस म्हणून काम करतो, असे तिने सांगितले. जानीनच्या मानाने हिचे निभावले म्हणायचे. काळ बदलला होता, तिला स्वतःचे नाव तरी वापरता येत होते.

या सगळ्या खटाटोपाला एक उलटी बाजू आहे. ज्या वर्षांत युरोपातल्या धर्मगुरूंना वाटत होते की तरुण मिळवायचे तर त्यांचे संगीत आणले पाहिजे, त्याच वर्षांत त्या तरुणांनी काय विकत घेतले पाहा. स्पेनमधल्या सिलोस गावच्या बेनेडिक्टाइन मठातल्या साधूंनी म्हटलेल्या ग्रेगोरियन गायनाची जुनी ध्वनिमुद्रणे १९९४ मध्ये ‘चँट’ या नावाने अमेरिकेत निघाली. पॉप अल्बमांच्या यादीत ती तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेली आणि लाखांनी खपली. मठाच्या भिंतीबाहेर कोणाला आवडेल याचा विचारही न करता जे गायले गेले, ते बाजाराने उचलले. दुसऱ्याच्या दारात आपलेच टाकून दिलेले भांडे चकचकीत दिसावे, तसे. आता, ते घेणारे काही प्रार्थना करायला घेत नव्हते. थकल्या मेंदूला आराम म्हणून घेत होते. तेव्हा यातून चर्चचा जय झाला असे म्हणण्यातही अर्थ नाही.

व्हॅटिकनचे वृत्तपत्र ‘लॉस्सेर्वातोरे रोमानो’ याने २००८ मध्ये बीटल्सच्या एका अल्बमला चाळीस वर्षे झाली म्हणून लेख छापला आणि जॉन लेननला जवळजवळ माफ करून टाकले. १९६६ मध्ये त्याने आपण ख्रिस्तापेक्षाही लोकप्रिय झालो आहोत असे म्हटले होते आणि अमेरिकेत ठिकठिकाणी तबकड्यांची होळी झाली होती. फेब्रुवारी २०१० मध्ये तर त्या पत्राने चांगल्या दहा पॉप-रॉक अल्बमांची यादीच दिली. त्यात बीटल्स, पिंक फ्लॉइड, मायकेल जॅक्सनचा ‘थ्रिलर’ असे सगळे होते. यादी वाईट नव्हती. पण गल्लीतल्या कोणत्याही पोराने तीच दिली असती. त्यासाठी व्हॅटिकन कशाला? भाविकाच्या मनात हा प्रश्न येतो आणि तो रास्त आहे. रात्झिंगर यांचे मला पटणारे निम्मे ते हेच. जे बाहेर सगळीकडे मिळते, तेच आत मिळणार असेल तर माणूस उंबरा ओलांडतो कशासाठी?

ऑगस्ट २०२३ मध्ये लिस्बनला जागतिक युवा दिन झाला. पोपच्या मिस्सेसाठी सुमारे पंधरा लाख तरुण रात्रभर मैदानावर झोपले होते. पहाटे त्यांना उठवले ते एका पोर्तुगीज धर्मगुरूने, डीजे म्हणून टेक्नो संगीत वाजवून. पोपच्या भाषणांचे तुकडे त्याने त्यात मिसळले होते. कोणी नाचले, कोणी कपाळाला आठ्या घातल्या. मी चित्रफीत पाहिली. पोरे हसत होती, हे खरे आहे. पण घरी गेल्यावर त्यांच्या धर्मग्रामात रविवारी आठच्या मिस्सेला वीस-पंचवीस वयस्कर माणसे असणार, हेही तितकेच खरे आहे. तिथे डीजे येत नाही.

आणखी एक प्रसंग सांगायचा राहिला. माझ्या मते या विषयातला तो सर्वांत मोठा आहे, आणि त्यात गाण्याच्या चालीचा काहीही संबंध नाही.

१९९३ पासून व्हॅटिकनमधल्या पॉल सहावे सभागृहात दर डिसेंबरला नाताळची मैफल होई. जगभरचे पॉप गायक येत, कार्डिनल पुढच्या रांगांत बसत. डिसेंबर २००३ मध्ये अमेरिकन गायिका लॉरिन हिल हिला बोलावले होते. आदल्याच वर्षी बॉस्टनमधल्या धर्मगुरूंनी मुलांवर केलेले अत्याचार आणि बिशपांनी त्यावर घातलेली पांघरुणे उघडकीस आली होती. हिल मंचावर आली आणि गाण्याऐवजी बोलू लागली. धर्मगुरूंच्या हातून ज्या मुलांचा छळ झाला त्यांची आठवण तिने काढली आणि समोर बसलेल्यांना पश्चात्ताप करायला सांगितले. सभागृह सुन्न झाले. पाहुणीने पाहुण्यासारखे वागायला हवे होते, असे पुष्कळांचे मत पडले. धर्मसंस्थेला पॉप गायक हवा होता, त्याचा आवाज हवा होता, त्याच्यामागे येणारी पोरे हवी होती. पण त्या गायकाला काही सांगायचेही असते, हे कोणी धरलेच नव्हते. बेनेडिक्ट पोप झाल्यावर, २००६ मध्ये, ही मैफल व्हॅटिकनच्या बाहेर गेली. पुढच्या दशकात ती पुन्हा त्याच सभागृहात भरू लागली.

भाविकाची निराशा गिटारीने झाली असे आपण म्हणतो तेव्हा हा प्रसंग डोळ्यांआड करून चालत नाही. चर्चमध्ये शुद्ध, प्राचीन, अभिजात संगीत टिकले असते तर सगळे ठीक राहिले असते, असे मानणारे लोक मला भेटतात. त्यांना मी रेगेन्सबुर्गचे सांगतो. तिथे गिटार नव्हती. युरोपातल्या उत्तमोत्तम धार्मिक गायनाची परंपरा तिथे तीस वर्षे रात्झिंगर यांच्या थोरल्या भावाच्या हाती होती. २०१७ च्या जुलैमध्ये एका वकिलाने चौकशी करून अहवाल दिला. १९४५ नंतरच्या काळात त्या गायकवृंदातल्या आणि त्याच्या शाळांतल्या किमान ५४७ मुलांना मारहाण किंवा लैंगिक अत्याचार सोसावे लागले होते. गेओर्ग रात्झिंगर यांनी, आपण मुलांना थपडा मारल्या हे आधीच कबूल केले होते. लैंगिक अत्याचारांची आपल्याला कल्पना नव्हती, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी काणाडोळा केला, असा ठपका अहवालाने ठेवला. अहवाल बाहेर आला तेव्हा लॉरिन हिलच्या त्या रात्रीला साडेतेरा वर्षे झाली होती.